फटफटीखालचा डाग

गिरगावातल्या जुन्या चाळींच्या चौकात शहाबादी फरशी असते आणि त्या फरशीवर एका ठरलेल्या जागी ताटलीएवढा काळा डाग असतो. बुलेट बाहेर गेलेली असली तरी ती रोज कुठे उभी राहते, हे त्या डागावरून कळतं. घासलेट, धुण्याचा सोडा, लाकडाचा भुसा, सगळं करून झालेलं असतं. डाग फिका होतो, जात नाही. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडातून तक्रार येते, मालक गाडीखाली पुठ्ठा अंथरतो आणि विषय तिथेच मिटतो. ‘बुलेट आहे, थोडं तेल गळणारच,’ असं मालक म्हणतो, मेकॅनिक म्हणतो, आणि ज्यांनी आयुष्यात बुलेटला किक मारलेली नाही तेही म्हणतात.

मला हे मान्य नाही. जुनी कास्ट आयर्न बुलेट बाळगताना आणि लालबाग-परळच्या गॅरेजांत स्टुलावर बसून इतरांच्या गाड्या उघडताना पाहून माझं मत पक्कं झालं आहे की, गळणं हा या इंजिनाचा स्वभाव नव्हे. प्रत्येक थेंबामागे कारण असतं आणि बहुतेक कारणं पान्याला हात न लावता सापडतात. पैसे आणि वेळ वाया जातात ते तेल जिथे दिसतं तिथेच इंजिन खोलल्यामुळे.

आधी हे इंजिन कुठलं ते सांगायला हवं. इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एनफील्ड कंपनीने ‘बुलेट’ हे नाव १९३२ साली पहिल्यांदा वापरलं. आपण जिला जुनी बुलेट म्हणतो ती मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची, चाळीसच्या दशकाच्या शेवटी आखलेली गाडी. पन्नासच्या दशकात भारतीय सैन्याने सीमेवरच्या गस्तीसाठी ती निवडली आणि १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून एनफील्ड इंडिया उभी केली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, पण मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरला तेच इंजिन बनत राहिलं. ७० मिलिमीटरचा बोअर, ९० मिलिमीटरचा स्ट्रोक, ३४६ सीसी. बिडाचा सिलिंडर, वर ॲल्युमिनियमचं हेड. २००८ नंतर इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेलं नवं इंजिन आलं आणि काही वर्षांत जुनं थांबलं. म्हणजे मुंबईच्या रस्त्यावर आज धावणारी तरुणातली तरुण कास्ट आयर्न बुलेटसुद्धा मुळात सत्तरेक वर्षांपूर्वीच्या आराखड्यावर बनलेली आहे.

त्या आराखड्यात गळतीला वाव देणाऱ्या गोष्टी आहेत, हे खरं आहे. इंजिनाचा खालचा भाग, ज्याला गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात, तो डावा आणि उजवा अशा दोन अर्ध्यांचा बनलेला असतो. त्यांचा सांधा वरपासून खालपर्यंत उभा जातो आणि त्याचा तळाचा भाग कायम तेलाच्या पातळीखाली राहतो. बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ या त्या काळच्या जवळजवळ सगळ्या ब्रिटिश गाड्यांचं असंच होतं. होंडासारख्या जपानी कंपन्यांनी चेंबर आडवा कापला, त्यामुळे सांधा तेलाच्या वर गेला. ब्रिटिश गाड्या गळतात आणि जपानी गळत नाहीत या समजुतीमागे हे एक कारण आहे. पण चेंबरच्या मधल्या सांध्यातून खरोखर गळणारी बुलेट मी क्वचितच पाहिली आहे. बहुतेक वेळा तेल भलतीकडूनच आलेलं असतं आणि ओघळत त्या सांध्याच्या तळाशी येऊन थेंब होऊन लोंबकळत असतं.

बुलेटच्या पोटात तीन वेगवेगळी तेलं तीन वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. शोध तिथून सुरू होतो. एक इंजिन ऑइल, सुमारे सव्वादोन लिटर. त्याची टाकी वेगळी दिसत नाही, कारण ती चेंबरच्याच ओतीव भागात मागच्या बाजूला घेतलेली आहे. दुसरं डाव्या बाजूच्या चेनकेसमधलं तेल, त्यात प्रायमरी चेन, क्लच आणि अल्टरनेटर बसतात. तिसरं मागच्या गिअरबॉक्समधलं वंगण. याशिवाय पुढच्या शॉकअपमध्ये फोर्क ऑइल असतं, आणि चेनवर मारलेलं तेल तर सगळीकडे उडतच असतं. खाली पडलेला थेंब यांपैकी कुठला, हे पाहिल्याशिवाय एकही नट ढिला करू नये.

ते कळतं कसं? पांढरा पुठ्ठा रात्रभर गाडीखाली ठेवा आणि गाडी नेहमी जशी उभी करता तशीच करा. मेन स्टँडवर पडणारा थेंब आणि साइड स्टँडवर पडणारा थेंब एका जागी पडत नाहीत. सकाळी पुठ्ठ्यावर पुढचं चाक कुठे, फूटरेस्ट कुठे अशा खुणा पेन्सिलीने करून घ्या. मग थेंब बोटावर घ्या. इंजिन ऑइल काळं असतं आणि बोटांत चोळलं की त्यात काजळी जाणवते. चेनकेसचं तेल तपकिरी असतं, त्याला क्लच प्लेटचा जळका वास येतो. गिअर ऑइल जाड असतं आणि त्यातल्या गंधकयुक्त रसायनामुळे त्याचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. फोर्क ऑइल पातळ असतं आणि त्याची रेघ शॉकअपच्या नळीवर वरूनच दिसते. कार्ब्युरेटरमधून झिरपणारं पेट्रोल उडून जातं, पण त्याच्या वाटेवर धूळ बसून काळपट पट्टा तयार होतो आणि तो हमखास तेलाचा समजला जातो. तिथे बोट लावलं तर ते कोरडंच निघतं.

लालबागला एक मिस्त्री आहेत. तरुणपणी गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो चिघळला, आणि पुढे गिरणगावातल्या हजारो कामगारांना दुसरा धंदा शोधावा लागला. त्यांनी मोटरसायकली धरल्या. गिरणीत हजारो चात्या दिवसरात्र फिरायच्या, त्यांना तेल द्यायला माणसं नेमलेली असायची आणि कापडावर तेलाचा डाग पडला की त्याचा जाब विचारला जायचा. त्यामुळे डाग दिसला की उगम शोधायचा ही सवय तिथूनच लागली, असं ते सांगतात. गाडी घेऊन गेलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘आधी धुऊन आण. मळलेल्या इंजिनाचं मी काय बघू?’

धुणं हा या कामाचा अर्धा भाग आहे आणि नेमकी तीच गोष्ट टाळली जाते. इंजिन थंड असताना डिझेल किंवा घासलेट आणि ताठ केसांचा ब्रश घेऊन सिलिंडरच्या पंख्यांमधली, नटांभोवतीची, चेनकेसच्या मागच्या सांदीतली चिकट माती काढायची. साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचं. ब्रीदरच्या तोंडात, कार्ब्युरेटरमध्ये आणि डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी जाणार नाही असं बघायचं. मग संशयित जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरायची. इंजिन सुरू करून दहा मिनिटं जागेवरच चालू द्यायचं आणि बॅटरी घेऊन बघत बसायचं. पांढऱ्या पावडरीवर ओल आली की ती जागा लगेच उठून दिसते. इथे काही सापडलं नाही तर पुन्हा पावडर मारून दादरपासून वरळीपर्यंत एक चक्कर मारायची. धावत्या गाडीत वाऱ्याने तेल मागे ढकललं जातं, त्यामुळे जागेवर दिसणारा ओघळ आणि चालवून आल्यावर दिसणारा ओघळ यांच्या दिशा वेगळ्या असतात. नियम एकच: ओल्या भागातलं सगळ्यांत वरचं आणि सगळ्यांत पुढचं टोक गाठायचं. उगम तिथे असतो. त्याच्या खालचं आणि मागचं सगळं फक्त वाहून आलेलं असतं.

या पद्धतीने बघितलं की पहिला धक्का बसतो तो हा की, एकाच वेळी चार-पाच जागा ओल्या दिसतात. टॅपेट कव्हर, रॉकर कव्हर, टायमिंग कव्हरचा खालचा काठ, सिलिंडरचं बूड. मालक घाबरतो, मेकॅनिक पूर्ण पॅकिंग किट मागवायला सांगतो. अशा वेळी थांबावं. चार जागी एकाच वेळी पॅकिंग खराब होत नाही. चार जागी एकाच वेळी तेल येतं तेव्हा आतला दाब वाढलेला असतो, आणि दाब वाढला म्हणजे इंजिनाचा श्वास अडला आहे.

या इंजिनातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे, म्हणून थोडं सविस्तर. पिस्टन वरखाली होतो तेव्हा त्याच्या वरच्या बाजूला काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं: हवा आणि पेट्रोल आत येतं, दाबलं जातं, जळतं, धूर बाहेर पडतो. पिस्टनच्या खाली काय होतं ते कोणी विचारत नाही. पिस्टन खाली येताना त्याच्या खालची ३४६ घन सेंटिमीटर हवा कुठेतरी जायला हवी. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन खाली येतात तेव्हा दोन वर जातात आणि हिशोब आतल्या आत मिटतो. बुलेटला एकच पिस्टन. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या मारत असेल तर सेकंदाला पन्नास वेळा ही हवा ढकलली आणि ओढली जाते. सेकंदाला १७ लिटरहून अधिक हवेची ये-जा होते. या हवेसाठी चेंबरला ब्रीदर दिलेला असतो आणि ब्रीदरवर एकाच दिशेने उघडणारी झडप असते. आपल्याकडच्या बहुतेक बुलेटना चपट्या चोचीचा छोटा रबरी व्हॉल्व्ह असतो. पिस्टन खाली आला की चोच उघडते, हवा बाहेर जाते. पिस्टन वर गेला की चोच मिटते, बाहेरची हवा आत येत नाही. परिणामी चेंबरमधला सरासरी दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी राहतो. असं असेल तर पॅकिंग जरा कमकुवत असलं तरी तेल बाहेर येण्याऐवजी आतच ओढलं जातं. जुन्या इंजिनाला कोरडं ठेवण्याची कल्पना इतकी साधी आहे आणि ती सगळी एका रबराच्या तुकड्यावर टिकून आहे.

तो रबर काही वर्षांत कडक होतो, चिरतो, किंवा तेलाच्या चिकट गाळाने त्याची चोच मिटलेलीच राहते. कधी ब्रीदरची नळी टाकीखाली किंवा फ्रेमला घासून दबलेली असते. कधी कोणीतरी ‘इथून तेल येतं’ म्हणून नळीच्या तोंडात बोळा कोंबलेला असतो. हे मी स्वतः पाहिलं आहे. तपासणी सोपी. इंजिन मंद चालू असताना ब्रीदरच्या नळीच्या टोकावर बोट अलगद धरायचं. बाहेर येणारे ठोके बोटाला जाणवायला हवेत, आत ओढल्यासारखं फारसं वाटता कामा नये. दुसरा उपाय, टोक पाण्याच्या बाटलीत जेमतेम बुडवायचं. बुडबुडे आले पाहिजेत. पाणी नळीत वर चढायला लागलं तर लगेच नळी काढायची आणि व्हॉल्व्ह बदलायचा. रबरी व्हॉल्व्हची किंमत पॅकिंग किटच्या तुलनेत किरकोळ असते. आधी तो बदलावा, इंजिन पुन्हा धुवावं, आठवडाभर चालवावं. ओल्या चार जागांपैकी तीन आपोआप सुकल्याचं अनेकदा दिसतं. उरलेली एक जागा खरी.

व्हॉल्व्ह नवा असूनही नळीतून जोरात फुसफुसत असेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर दुखणं आणखी आत आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळलेला वायू त्यांच्या बाजूने खाली उतरतो आणि चेंबर फुगवतो. अशा गाडीला किक मारताना नेहमीचा विरोध जाणवत नाही. तिथे पॅकिंग बदलून काहीही होणार नाही, बोअरचंच काम करावं लागेल.

पावसाळ्यानंतर मुंबईत एक ठरावीक तक्रार येते. गाडी जूनपासून ताडपत्रीखाली उभी होती, दसऱ्याला बाहेर काढली, दहाव्या किकला सुरू झाली आणि ब्रीदरमधून तेलाचा लोट आला. मालकाला वाटतं, इंजिन फुटलं. प्रत्यक्षात झालेलं असतं ते असं: बुलेटमध्ये तेलाचे दोन पंप असतात. एक टाकीतलं तेल इंजिनाला पुरवतो, दुसरा खाली साचलेलं तेल उपसून परत पाठवतो. पंप झिजलेला असेल तर गाडी उभी असताना टाकीतलं तेल हळूहळू चेंबरच्या तळाशी उतरतं. महिन्याभराने टाकीची पातळी कमी दिसते. मालक भर घालतो. आता इंजिनात गरजेपेक्षा कितीतरी जास्त तेल आहे. सुरू केल्यावर फिरणारा क्रँक ते झोडपतो आणि वाट मिळेल तिथून ते बाहेर पडतं. ही गळती दिसते भयानक, पण यात एकही सांधा खराब नसतो. तेल मोजायचं ते गाडी काही मिनिटं चालवून, मग पाच मिनिटं थांबून. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत डिपस्टिक पाहून तेल ओतू नये. शंका असेल तर खालचा ड्रेन प्लग उघडून साचलेलं तेल काढावं, ते दुधाळ, करड्या रंगाचं निघालं तर पावसाळी ओलावा त्यात मिसळला आहे, ते सगळंच बदलावं.

आता खऱ्या गळतीच्या जागा. उजव्या बाजूला सिलिंडर आणि हेड यांच्या सांध्यात ओल दिसली तर ती हवेच्या दाबाची नव्हे, पुशरॉडच्या बोगद्याची. या इंजिनात पुशरॉडसाठी वेगळ्या नळ्या नाहीत, सिलिंडरच्या ओतकामातच बोगदा आहे आणि वर रॉकरला दिलेलं तेल त्यातूनच खाली उतरतं. हेडचे नट आलटून पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळून बघावेत. तेवढ्याने थांबलं नाही तर हेड उतरवावं लागतं. टॅपेट कव्हर सिलिंडरच्या बुडाशी उजवीकडे असतं, एकाच नटावर. टॅपेट सेटिंगसाठी ते वरचेवर उघडलं जातं, नट जास्त आवळला जातो आणि कव्हर मधे खचतं, त्यामुळे काठ उचलला जातो. असं कव्हर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून, त्यावर आठाच्या आकड्यात घासून सरळ करतात. काचेवर घासलेल्या कडेवर पूर्ण चकाकी आली की पृष्ठभाग सपाट झाला. कव्हर सरळ असेल तर पॅकिंगला काहीच करावं लागत नाही.

रॉकरकडे जाणारी तेलाची नळी बाहेरून जाते. तिच्या बोल्टाखाली तांब्याची वॉशरं असतात. तांबं वापरात कडक होतं आणि मग कितीही आवळलं तरी बसत नाही. जुनं वॉशर गॅसवर लालसर होईपर्यंत तापवून थंड केलं की पुन्हा मऊ होतं. याच बोल्टाचा आणखी एक उपयोग आहे: इंजिन चालू असताना तो किंचित ढिला केला की तिथून तेल पाझरायला हवं. न पाझरल्यास पंप किंवा वाट बंद आहे, आणि अशा गाडीला गळतीपेक्षा मोठा धोका आहे.

डावी बाजू वेगळी. चेनकेसचं झाकण मधल्या एकाच मोठ्या नटावर आणि भोवतालच्या रबरी पॅकिंगवर बसतं. रबर ताणलं गेलं असेल किंवा गाडी पडून झाकणाला पोचा आला असेल तर तेल येतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फार जणांच्या लक्षात येत नाही ती जागा मागच्या बाजूची, जिथून अल्टरनेटरच्या वायरी बाहेर येतात. तिथला रबर सुकला की तेल वायरींवरून सरकत बाहेर येतं आणि झाकणाच्या तळाला थेंब होतो. झाकणाचं पॅकिंग तीनदा बदलूनही ज्यांची गळती थांबत नाही, त्यांनी आधी ही जागा पाहावी. आणखी एक कोडं: इंजिनचं तेल कमी होतंय, चेनकेसचं वाढतंय, क्लच घसरतोय. इथे क्रँकच्या डाव्या टोकाचं ऑइल सील गेलेलं असतं, एका कप्प्याचं तेल दुसऱ्यात जातं आणि भरून वाहतं. दोन्ही कप्प्यांची पातळी महिनाभर लिहून ठेवली तर हे कागदावरच कळतं.

फिरत्या दांड्यांच्या गळतीला ऑइल सील लागतात, आणि त्यांच्यासाठी मुंबईकराच्या हाताशी नागदेवी आहे. क्रॉफर्ड मार्केटमागच्या त्या गल्ल्यांत बेअरिंग, रबर, पॅकिंगची शीट, ओ-रिंग आणि सील मिळतात. तिथे ‘बुलेटच्या गिअरबॉक्सचं सील द्या’ म्हणण्यापेक्षा आकडे सांगावेत. सीलवर तीन मापं छापलेली असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ती मापं लिहून नेली की दुकानदार खोक्यातून काढून देतो, आणि जुन्या फेल्ट-कॉर्कच्या जागी आजच्या रबराचं सील बसवता येतं. बसवताना स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे. हे उलटं बसलेलं मी एकाहून अधिक गाड्यांत बघितलं आहे. नवं सील घालूनही गळत असेल तर नख दांड्यावर फिरवून बघा. वर्षानुवर्षं सील घासून दांड्यावर चर पडलेली असते आणि नवं सील त्याच चरीत बसतं. सील एक-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवलं की ओठ कोऱ्या धातूवर येतो. चर खोल असेल तर लेथवर बुश बसवून घ्यावं लागतं. मूळ भागच हवा असेल तर ऑपेरा हाउस-ग्रँट रोड परिसरातल्या मोटर पार्ट्सच्या दुकानांत विचारावं, तिथे न मिळालेली वस्तू कधीकधी चोरबाजारात मिळते. चोरबाजारातून घेताना एक लक्षात ठेवावं: कव्हर जसं दिसतं तसं असेलच असं नाही. पृष्ठभाग हाताने नव्हे, सरळ पट्टी आडवी ठेवून, उजेडाकडे धरून तपासावा.

आता ज्याबद्दल मला मनापासून राग आहे त्या गोष्टीकडे येतो: सिलिकॉन. ट्यूबमधला सीलंट कागदी पॅकिंगवर दोन्ही बाजूंनी भरभरून फासायचा, कव्हर दाबायचं, बाहेर आलेली लांब वळी बोटाने पुसायची. बाहेर जेवढी वळी येते, तेवढीच आतही जाते. ती आत सुटते, तेलाबरोबर फिरते आणि पंपाच्या किंवा रॉकरच्या अरुंद वाटेत अडकते. गळती थांबते आणि इंजिन मरतं. जुने मिस्त्री पॅकिंगला शेलॅकचा अगदी पातळ हात द्यायचे, तेवढा पुरतो. स्वच्छ आणि सपाट पृष्ठभागावर साधा पॅकिंगचा कागद, थोडं ग्रीस, आणि नट क्रमाने आवळणं एवढ्यावर टायमिंग कव्हर कोरडं राहतं. जिथे आटे गेलेले आहेत तिथे मात्र कुठलाही लेप उपयोगी नाही, आटे नव्याने मारून घ्यायला हवेत. ॲल्युमिनियममधले आटे जास्त आवळल्याने जातात आणि ‘अजून थोडं आवळू’ म्हणणाऱ्या हातांनीच बहुतेक गळत्या जन्माला घातलेल्या असतात.

येझ्दी-जावावाल्यांनाही दोन शब्द, कारण परळ-दादरच्या गॅरेजांत बुलेटच्या शेजारी त्या उभ्या असतातच. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून या गाड्या बनवल्या, त्यांचं उत्पादन १९९६ पर्यंत चाललं. ही टू-स्ट्रोक इंजिनं, इथे पेट्रोलमध्येच तेल मिसळतं. सायलेन्सरच्या सांध्यातून काळं, चिकट काही गळत असेल तर ते न जळलेलं तेल, मिश्रण तपासा. याउलट बाहेर एकही थेंब नसताना गिअर ऑइल कमी होत असेल आणि पांढुरका धूर वाढला असेल तर क्रँकचं डावं सील गेलं आहे आणि इंजिन गिअर ऑइल पीत आहे. बाहेर न दिसणारी ही गळती बुलेटच्या कुठल्याही डागापेक्षा जास्त नुकसान करते.

गुढीपाडव्याच्या आधी या सगळ्याला वेग येतो. गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसलेल्या, फेटा बांधलेल्या मुली आणि बायका बुलेटवर निघतात, ते छायाचित्र दरवर्षी वर्तमानपत्रांत येतं. ते छायाचित्र पाहताना मला त्या इंजिनांचीही काळजी वाटते. मिरवणुकीत गाडी पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, चैत्राच्या उन्हात चालते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा मिळत नाही. तेल तापून पातळ होतं, आणि एरवी न दिसणारा पाझर तासाभरात थेंब बनतो. तो थेंब मागच्या टायरवर पडला आणि मागे ढोलपथकातली मुलं अनवाणी असली तर विषय गंभीर आहे. यात्रेआधी एखाद्या रविवारी गाडी अर्धा तास मुद्दाम अशाच चालीने चालवून पावडरची तपासणी करावी. ‘चालते आहे ना’ एवढ्यावर ती मिरवणुकीत नेऊ नये.

ज्यांच्या घरी ५० वर्षांहून जुनी बुलेट आहे त्यांच्यासाठी आणखी एक मुद्दा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. त्यात दुचाकीही येतात. नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, दहा वर्षांनी फेरनोंदणीला ५ हजार, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. गळती थांबवण्याच्या नादात नव्या इंजिनाचे भाग घुसडले, चेंबर कापून भलतंच काही बसवलं तर हा मार्ग स्वतःच बंद केल्यासारखं होतं. दांड्यावर बुश, नव्या रबराचं सील, घासून सरळ केलेलं कव्हर यांनी गाडीचं मूळपण जात नाही.

शेवटचा प्रश्न मला नेहमी विचारला जातो: किती गळती चालते? कव्हरच्या काठावर नुसती ओल येत असेल, पुसल्यावर आठवडाभर थेंब बनत नसेल तर इंजिन उघडू नका. उघडण्याने पॅकिंग, आटे, पृष्ठभाग यांचं जे होतं ते त्या ओलीपेक्षा महाग पडतं. रात्रीत पुठ्ठ्यावर दोन-तीन थेंब असतील तर तेलाची पातळी दर रविवारी बघा आणि उगम शोधून ठेवा, पुढच्या सर्व्हिसला काम करून घ्या. तेल टायरच्या, मागच्या ब्रेकच्या किंवा सायलेन्सरच्या दिशेने जात असेल तर एक थेंबही चालत नाही, गाडी तिथेच उभी करा. गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटमागून येणारं तेल चेनवरून थेट मागच्या चाकावर जातं, म्हणून त्याला सगळ्यांत आधी हात घालावा. आणि काम झाल्यावर मिस्त्रींकडून जुनी सील, जुनी पॅकिंग, जुनी वॉशरं मागून घ्या. सीलचा ओठ कुठे फाटला, पॅकिंग कुठल्या कोपऱ्यात जळलं, वॉशरवर नटाचा ठसा एका बाजूला जास्त खोल का आहे, हे त्या तुकड्यांवर दिसतं. ते एका डब्यात, तारीख लिहून, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. पुढच्या वेळी गळती सुरू होईल तेव्हा मिस्त्रींपुढे आधी तो डबा ठेवा.